हिरव्या खणातली गाठ

कोल्हापूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. बसवेश यास अत्तीचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत बरी आहे. टाके सुकले. डॉक्टरांनी पित्ताशयातले खडे एका बाटलीत घालून हातात दिले, जसं काही मी ते घरी नेऊन शोकेसमध्ये मांडणार आहे! तेलकट बंद, तिखट बंद. कोल्हापुरात राहून मिसळीचा कट बंद म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दूधभात खाते आणि सगळ्यांवर चिडते.

तू कसा आहेस? कबनूरला थंडी पडली का? मागांच्या खडखडाटात तुला अजून झोप लागते ना? आमचे दादा, म्हणजे तुझे अप्पा म्हणत होते, खोली बदलणार आहेस. बदलणार असलास तर खालचा मजला घेऊ नकोस, ओल येते.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून आज कागद घेतला. आजकाल कुणी कुणाला पत्र लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. पण फोनवर मी बोलत सुटते आणि जे सांगायचं ते राहतं. कागद तू एकटा बसून वाचशील.

घरात चोरी झाली ते अप्पांनी कळवलंच असेल. मी दवाखान्यात असताना झाली. रिक्षातून उतरले, तर दाराला कुलूप जसंच्या तसं. आत गेले तर देवघराशेजारचं कपाट उघडं. पाटल्या गेल्या, बोरमाळ गेली आणि तुझ्या आजीनं लग्नात दिलेली इष्टलिंगाची चांदीची करडगी गेली. पाटल्यांचं मला एवढं नाही. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, गेल्यापासून त्या कपाटातच होत्या. करडगीचं मात्र लागलं.

पोलीस ठाण्यातून संयोगिता नावाच्या फौजदारबाई आल्या. वयानं तुझ्याएवढ्याच, पण नजर कशी करडी! सगळ्या घरभर फिरल्या, कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाल्या, "काकू, कुलूप फोडल्यालं न्हाय. किल्लीनं उघडलंय. किल्ली कुठं ठेवत हुता?"

मी चपलांच्या कपाटामागचा खिळा दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "चोराचं काम एवढं सोपं करतात व्हय?" मग मला शाळेतल्या पोरीसारखं उभं करून ऐकवलं. किल्ली बाहेर ठेवायची नाही, विश्वासाच्या माणसाच्या हातात द्यायची. दागिने लॉकरला. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती वेगळी जपून ठेवायची, नाहीतर माल सापडला तरी तो आपलाच हे सांगताना नाकी नऊ येतात. आणि घर बंद आहे याची दवंडी पिटायची नाही. तुझ्या आईनं भावकीच्या ग्रुपवर माझ्या ऑपरेशनची बातमी टाकली होती, दवाखान्याच्या नावासकट आणि सुट्टी कधी मिळणार त्यासकट. नव्वद जणांनी हात जोडले होते. बाईंनी ते वाचलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग विचारलं, "किल्ली तितं असत्या, हे कुणाला म्हाईत हाय?"

मी शालूबाईचं नाव सांगितलं.

शालूबाईला तू ओळखतोसच. डिप्लोमाला माझ्याकडे होतास तेव्हा तुझ्या डब्याच्या भाकरी तीच थापायची. मला तेव्हा दुकान असायचं. तू एकदा तापानं फणफणला होतास, तर तिनं बाकीच्या घरची कामं सोडून तुझ्या उशाशी बसून दिवस काढला होता. तिला ठाण्यात बोलावलं. सकाळी नेलं, दिवेलागणीला सोडलं. परत बोलावलं. तिचा मोबाइल ठेवून घेतलाय. कुणी तिला मारलं नाही, उगाच कशाला कुणावर आळ घेऊ. पण आपल्या गल्लीत पोलिसांची गाडी एकदा दारात थांबली की पुढचं काम गल्लीच करते. ती आणखी तीन घरी धुणीभांडी करायची. तिन्ही घरांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

शेजारच्या तेजस्वीला तू लहान असताना पाहिलंयस. आता ती कोर्टात वकिली करते. तिला काल सहज विचारलं, माझ्या ओळखीच्या एका बाईचं म्हणून. म्हटलं, समजा घरच्याच माणसानं नेलं असेल तर?

ती म्हणाली, "काकू, घरच्यानं नेलं म्हणून ती चोरी व्हायची राहत नाही. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता, लबाडीनं उचलली की झाली चोरी. आणि राहत्या घरातली असली तर सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड."

सात वर्षं. मी तिला पुन्हा विचारलं, तर ती म्हणाली, "सातपर्यंत. सातच असं नाही. पहिलाच गुन्हा, माणूस स्वतःहून आला, माल परत मिळाला, हे कोर्ट बघतं. काही वेळा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतंही. पण मी शब्द देऊ शकत नाही."

"आणि त्या बाईनं फिर्याद मागे घेतली तर?"

"ही काय बांधावरची भांडणं आहेत होय? घरातल्या चोरीत फिर्यादीनं एक सही केली आणि मिटलं असं होत नाही." मग म्हणाली, ज्या सोनारानं चोरीचं आहे हे कळून ते घेतलं असेल, तोही त्यात येतो.

मी शेवटी विचारलं, "आणि त्या बाईला सगळं माहीत असून तिनं पोलिसांना खोटं सांगितलं असेल तर?"

तेजस्वी चहाचा कप उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोरगी हुशार आहे.

आता हात भरून आला. उद्या लिहिते.

गुरुवार सकाळ

काल लिहिलेलं वाचलं. सगळं खरं आहे आणि तरी ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं. मुद्द्याभोवती नुसत्या घिरट्या घातल्यात.

आत्ता शालूबाई येऊन गेली. मी कामाला बोलावलं नव्हतं. आत आली नाही, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. रोज ज्या घराचा केर काढायची त्या घराच्या उंबऱ्याबाहेर! मी म्हटलं, "आत ये की गं." तर म्हणाली, "नगं आक्का. परत काय हरवलं तर?"

मग म्हणाली, "मला दुसरं काय नगं. पोलीस काय बी इचारूद्यात. लोकं काय बी म्हनूद्यात. तुमी तेवढं म्हना की, ही न्हाय म्हनून. तुमी म्हनला की बास हाय मला."

मी ते म्हटलं नाही. ती पदरानं तोंड पुसून गेली.

बसवेश, आता ऐक.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं अंगावर काही ठेवू देत नाहीत म्हणून सांगितलं होतं. म्हणून निघताना इष्टलिंग करडगीसकट गळ्यातून काढून मी देवघरात ठेवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गळा मोकळा. दवाखान्यात मला त्याचीच जास्त हुरहुर होती.

परत आले तेव्हा करडगी नव्हती. लिंग होतं.

पाटावर, माझ्या कपाटातल्या कोऱ्या हिरव्या खणात बांधून ठेवलं होतं. वर विभूतीची बोटं ओढली होती. मागच्या दारच्या झाडाचं बेलाचं पान होतं. खाली लाकडाला टेकू नये म्हणून पाटावर आधी दुसरं फडकं अंथरलं होतं. मोरीत तांब्या उपडा होता, म्हणजे आधी हात धुतले होते.

कुठला चोर हे करेल? त्याला ते काळं गुळगुळीत लिंग म्हणजे एक दगड. चांदी काढून घेतली असती आणि ते गटारात भिरकावलं असतं. शालूबाईनं तर इतक्या वर्षांत कधी देवघरातल्या पाटाला हातसुद्धा लावला नाही, भोवतीनं पुसून घ्यायची. आणि ती गाठ! तुझी लिंगदीक्षा झाली तेव्हा स्वामींच्या पुढ्यात तुला ती बांधता येईना. घरी आल्यावर मी तुला मांडीवर घेऊन शिकवलं, कापडाची टोकं कशी जुळवायची, एक टोक लांब ठेवून त्याचाच वेढा कसा द्यायचा. तू डावखुरा. तुझा वेढा उलटा पडतो. मी किती वेळा सांगितलं, तरी उलटाच पडायचा आणि आपण हसायचो.

खणाची गाठ उलटी होती.

खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. अंगावर काटा आला आणि बरं वाटलं. म्हटलं, पोरगं वाटेल तिथं गेलं असेल, मोबाइलवर पैसे लावायच्या नादात बुडालं असेल, (हो, ते मला कळलंय, तुझ्या खोलीतल्या पोरानं अप्पांना सांगितलं) पण त्यानं हात धुतले. त्यानं लिंग टाकलं नाही. मी तिथंच बसून रडले आणि गाठ न सोडता तो खण दोऱ्याला बांधून गळ्यात घातला. मग पोलिसांना फोन केला.

फौजदारबाईंनी यादी करताना विचारलं, "करडगी म्हंजे काय, काकू?" म्हटलं, लिंगाची चांदीची डबी. "मग आतलं लिंग?" त्यांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ते माझ्याजवळच होतं." हाताखाली तुझी गाठ लागत होती. लिंगावर हात ठेवून मी खोटं बोलले. आणि किल्ली कुणाला माहीत म्हटल्यावर एक नाव सांगितलं, दुसरं गिळलं.

ती एक गोष्ट दाखवली असती तर शालूबाई त्याच दिवशी मोकळी झाली असती. तुला वाचवायला मी तिला पुढे केलं. चोरी तू माझी केलीस, मी तिची केली. तिची तर कुठल्या सोनाराकडे शोधूनही सापडायची नाही.

तू असं का केलंस ते मी विचारत नाही. मागितलं असतंस तर मी दिलं असतं का? कदाचित नसतं दिलं, चार शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्यांना भ्यालास का रे? एवढी वाईट आहे का मी? राग मला आहे, खूप आहे. तोंडावर आलास तर मी तुला मारीनसुद्धा. पण मला तू हवायस.

सोमवारी सकाळी मी शालूबाईला घेऊन ठाण्यात जाणार आहे. पहिला जबाब खोटा होता हे सांगणार. त्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन, तेजस्वीला आत्ता फोनवर सगळं सांगितलं, ती थेट ठाण्यात येते म्हणालीय. खण टेबलावर ठेवणार आणि दुसरं नाव सांगणार. तिथून परत आले की शालूबाईच्या त्या तिन्ही घरी तिच्याबरोबर जाणार, दार वाजवून सांगणार. गल्लीत कुजबुज झाली ती तोंडानंच मिटली पाहिजे.

हे पत्र आज स्पीड पोस्टनं टाकते, शनिवारी मिळेल. तुला पळून जायला एक दिवस आहे आणि यायलाही एकच. मी अप्पांना अजून कळवलेलं नाही. ते तू सांग. जे विकलं नसशील ते घेऊन ये. विकलं असशील तर कुठं ते सांग. करडगी मिळाली तरी ती आधी पोलिसांच्या ताब्यात जाईल आणि कोर्टानं सोडली तर माझ्याकडे येईल, तेव्हा माझ्यासाठी म्हणून घाई करू नकोस. जी घाई करायची ती त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या बाईसाठी कर.

आलास तर आधी जेवून घे. दूधभात आहे, तुझ्यासाठी आमटी करीन. मग आपण तिघं रिक्षानं जाऊ. शालूबाईकडे बघायला तुला जड जाईल. मलाही जातंय.

खण अजून माझ्या गळ्यात आहे. रोज पूजेला गाठ सोडते आणि पुन्हा बांधते, उलट्या वेढ्यानं, तुझ्यासारखीच. पोलिसांना खण देईन, लिंग देणार नाही. ठाण्यातल्या टेबलापुढे ती गाठ कुणालातरी सोडावी लागेल. तू येऊन सोड.

तू आलास तरी आणि नाही आलास तरी,

तुझी अत्ती

(सोमवारच्या जबाबाखाली लिहिणार ते नाव: अक्काताई रुद्राप्पा पट्टणशेट्टी)