अधिक भावनिक करून हवे असल्यास

पुणे
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. गं. भा. गीताकाकू यांस,
अंगदचा सादर प्रणाम.

काकांच्या आगामी हृदय-शस्त्रक्रियेबद्दल समजले. जीवनाच्या या आव्हानात्मक प्रवासात आपण एकट्या नाही. संपूर्ण परिवार आपल्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे. सकारात्मक विचार, संतुलित आहार आणि पुरेशी विश्रांती ही यशाची त्रिसूत्री होय.

आपला स्नेहांकित,
अंगद

हे पत्र अधिक भावनिक करून हवे असल्यास जरूर सांगा.


नांदूरघाट
दि. ८ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास मोहनकाकाचा आशीर्वाद. काका अजून जिवंत आहे, हे ध्यानात ठेवून घ्यावा.

तुझं छापील पत्र पोचलं. गं. भा. कुणाला लावतात रे शहाण्या? जिचा नवरा गेला तिला. मी इथं ओसरीवर बसून भाकर मोडतोय आणि तू माझ्या बायकोला विधवा करून मोकळा. दहावीपर्यंत आठ वर्षं आमच्या घरात राहिलास, आणि काकूला दोन ओळी लिहायला तुला यंत्र लागलं. मला ते लगेच कळलं. आपल्या घराण्यात ‘आव्हानात्मक’ हा शब्द आजवर कुणी उच्चारलेला नाही.

जो तो आता यंत्राच्या तोंडानं बोलतोय. शेजारचा बंकट कपाशीवर काय फवारू ते फोनला विचारतो. फोन पानभर ज्ञान देतो आणि शेवटी म्हणतो, तज्ज्ञाचा सल्ला घ्या. सरपंचाच्या वाढदिवसाचं बॅनर लागलंय, त्यावर यंत्रानं त्याला इतका गोरा केलाय की त्याच्या आईनंच विचारलं, हा कुणाचा पाहुणा. उचलली जीभ, लावली टाळ्याला असं आपण म्हणतो. या यंत्राला ना जीभ ना टाळू, आणि तुम्ही शिकलेली पोरं त्याच्यापुढं माना डोलावता. केजच्या एसटी स्टँडवर मी छत्तीस वर्षं कंट्रोलर होतो. गाडी लेट असली की माईकवर लेट म्हणायचो. प्रवासाचा आनंद घ्या, असं कधी म्हणालो नाही.

आता तुझ्या यंत्राचा प्रताप ऐक. पत्र वाचून दाखवत होतो, पहिल्याच ओळीला तुझी काकू ताडकन उठून आत गेली. आता म्हणते अपशकून झाला, ऑपरेशन नको. लातूरच्या डॉक्टरांनी झडप बदलायला चोवीस तारीख दिलीय. त्यापुढं ढकलू नका, असं बजावलंय. पण बाईमाणसाच्या धसक्यापुढं माझं काय चालणार? राहू दे म्हणतो.

खाली विचारलंयस, अधिक भावनिक करून हवं का. हवंय. करून पाठव.

लोभ होता तेवढा आहे. वाढायची घाई नाही.

मोहनराव


पुणे
दि. १२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. काकूस, पायावर डोकं ठेवून नमस्कार.

हे हातानं लिहितोय. दहा वर्षांत सहीशिवाय काही लिहिलं नाही, अक्षर सांभाळून घे. फोन करावा तर काका राँग नंबर म्हणून ठेवून देतात.

खरं सांगतो. ऑफिसात जेवता जेवता यंत्राला म्हणालो, काकूला पत्र लिही, काकांचं ऑपरेशन आहे, धीर दे. पुढचं सगळं त्याचं. छापलं आणि न वाचता पाकिटात घातलं. गं. भा. म्हणजे काय ते मला कळतं, काकू. वाचलं असतं तर पाठवलंच नसतं.

माझ्यावर पाहिजे तितकी रूस. पण माझ्या आळसापायी काकांचं ऑपरेशन थांबवू नकोस. तुझ्या पाया पडतो.

माया कमी करू नकोस.

तुझा अंगद


नांदूरघाट
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास काकूचा पोटभर आशीर्वाद.

पोस्टमन आला तवा हे पारावर गेलते, म्हणून तुझं पत्र माझ्याच हाती पडलं. वाचलं अन् मला काईच उमजंना. आपरेशनला म्या कावून नको म्हणीन, बाबा? पत्र वाचताना उठून आत गेलते खरं. चुलीवर दूध उतू चाललं हुतं. ते गं. भा. ऐकून मला हसूच आलं. वाईट वाटलं ते येगळ्याचं. तुला माझ्याशी बोलाया मशीन लागली, ह्याचं लई वाईट वाटलं. पण आता तू हातानं लिवलंस, झालं.

भेव ह्यांना हाय. डाक्टरनं छाती उघडायची म्हणल्यापासून घास गिळत न्हाईत. दिसभर मशीनीला, बंकटला, सरपंचाला नावं ठिवत बसत्यात. आपलं भेव माझ्या नावावर खपवाया तुझं पत्र घावलं. परवा गुपचूप दवाखान्याला फोन करून तारीख बी मोडून टाकली. म्या बंकटच्या फोनवरून तीच तारीख परत घेतली. ह्यांना सांगितलेलं न्हाई.

आता लिहीत बसू नको. शनवारी ये. तू हाताला धरून गाडीत बसवलंस तर बसतील, शिव्या देत देत बसतील. माझं ऐकत न्हाईत. कुणाला सांगितलं न्हाई, पण मला बी लई भेव वाटतंय, अंगद. मला एकटीला हे पेलायचं न्हाई.

तुझी
काकू