हात न लावलेला माल

१२ मे, शिरगाव
बोईसरच्या कारखान्यात नऊ वर्षं भांड्यांना पॉलिश मारलं, आता एकदम पलटणीच्या सामानावर बढती! कमलाकांतशेठ जुनी हेल्मेटं, पदकं, संगिनी घेऊन शौकिनांना विकतात. बंगला समुद्राला लागून, पंखा जोरात, जेवायला काशीबाईंच्या हातचं सुक्या बोंबलांचं कालवण. एका खुर्चीवर अख्ख्या गणवेशातला पुतळा बसवलाय, त्याला मी रामराम घातला. बायकोला, दीपिकाला, फोन करून सांगितलं, रविवारी गावी पामला घरी येतो. काम सोपं: धूळ झटकायची, वहीत नोंद करायची. शेठनी एकच बजावलं, गंज, डाग, घामाची खूण, काही पुसायचं नाही. घासलेला माल निम्म्या किमतीलाही जात नाही.

१४ मे
गंज दिसला की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू? शेठ पालघरला गेले होते. एक हेल्मेट घासलं, बक्कल लखलखीत केलं, आतल्या चामड्यावरचा घामाचा डागही काढला. इतकं देखणं काम आजवर झालं नव्हतं.

शेठनी हेल्मेट उलटं करून आतलं चामडं हुंगलं. ओरडले नाहीत. म्हणाले, खोटा डाग गिऱ्हाईक वासावरून ओळखतं; ज्याने पुसला त्याच्याच घामाने तो परत मुरला पाहिजे. मला फार लाज वाटली. हेल्मेट मीच डोक्यावर चढवलं. पट्टा त्यांनी लावला.

१५ मे
पत्र्याच्या खोलीत खुर्चीवर बसवलंय. बक्कल निघत नाही. काल लखलखीत केलेलं, आज त्यावर जाड गंज. शेठ म्हणाले, जोर करू नकोस, मोडलं तर किंमत जाईल. फोन त्यांच्याकडे आहे. दाराला बाहेरून कडी.

१६ मे
पुतळाही याच खोलीत आणून ठेवलाय. काशीबाईंनी खिडकीतून ताट सरकवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आदीचा माणूस पण पालिशवालाच होता. तो अजून इथंच हाय."
मी पुतळ्याचे हात पाहिले. नखांत पॉलिशची काळी रेघ. माझ्या नखांत आहे तशीच—

रविवार
दीपिका फाटकाशी आली होती. तिचा आवाज ऐकला. शेठनी सांगितलं, तो तर कालच निघाला. मी ओरडायला गेलो— पट्ट्याने जबडा हलत नाही— ती गेली.

तारीख कळत नाही
घाम येत नाही आता. हाताला गंज— पुसायचा नाही— बोटं वळत नाहीत—
गाडी थांबली. शेठ गिऱ्हाईकाला सांगतायत, जोडी आहे, दोन्ही खुर्च्या एकदमच न्या. काही घासलेलं नाही, बदललेलं नाही, आतलासुद्धा मूळचा—
दीपिका, कडी काढ