मामाच्या घरातला धूर

प्रिय मावशी,

तू पाठवलेल्या बिया मेल्या. तुझी चूक नाही. तू कोंकरबेरी पिकली तशी लगेच बी धुऊन कागदात बांधलीस, पण टपालाला इथवर यायला तीन आठवडे लागले, आणि ती बी वाळली की संपली हे तूच मला शिकवलंस. तरी मी डब्यात लाल माती भरून पेरल्या. एक कोंब आला, दोन पानांवर थांबला आणि गुरुवारी मी पाळीवरून यायच्या आत वाळवीने खाल्ला. शेजारच्या खोलीतला म्हातारा म्हणाला, काट्याचं झुडूप कशाला लावतोस, खाणीत टोचायला काय कमी आहे? मी हसलो. त्याला काय सांगणार.

आपल्या धाकट्या डेन्झिलचा फोन आला होता. रोंडा मामी अजून पोरांना घेऊन तुझ्याच व्हरांड्यात निजते म्हणाला. मामाला जाऊन चार महिने झाले. आता तिकडे थंडी पडली असेल. मामाच्या दाराला लावलेलं कुलूप तसंच आहे, पोरांचे गरम कपडेसुद्धा आतच, आणि गेलेल्याला निरोप देणारा कोंकरबेरीचा धूर घरात फिरल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडणार नाही.

माझं बरं चाललंय. ट्रक आपल्या घरापेक्षा उंच आहे. बारा तास तोच रस्ता, भरून वर, रिकामा खाली. दोन टोळ्या बदलून झाल्या, ही तिसरी. तू म्हणशील याला एका जागी बसवत नाही. नाहीच बसवत. इथला मुकादम माणूस चांगला, पण माझ्यावर चिडलाय. त्याचं नाव नेमकं मामाचंच. गेलेल्या माणसाचं नाव मी तोंडात कसं घेऊ? मी त्याला ‘ओय’ म्हणतो, रेडिओवर तर नुसता खाकरतो. त्याला वाटतं पोरगं माजलंय. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, “माझं नाव घेतलंस तर जीभ झडते का रे तुझी?” मी ट्रकवर चढलो. तेव्हापासून मी सगळ्यात धुळीच्या रस्त्यावर आहे.

तुझी रोपं किती झाली? मला तो सरकारी बागवाला आठवतो. पाण्याच्या नळ्या घेऊन आला होता बघ. तू टाकीच्या सावलीत दुधाच्या कापलेल्या बाटल्यांमधून रोपं मांडून बसली होतीस. तो म्हणाला, फळं गोड आहेत, मुरंबा करून विका. तू म्हणालीस, फळं पोरं खातात, लाकूड आम्हाला लागतं. मग त्याने वही काढून विचारलं, वर्षाला किती झाडं लागतील? तू वरसुद्धा बघितलं नाहीस. “किती मरतात त्यावर आहे,” म्हणालीस. त्याने वही मिटली. आधी नाल्यापासून शाळेपर्यंत कोंकरबेरीच्या जाळ्या होत्या, अंगावर ओरखडे घेतल्याशिवाय पोहायला जाता येत नसे. एकेका मयताला एकेक फांदी गेली, आणि जाळ्यांचे खुंट झाले.

मला फांदी तोडायला मामानेच शिकवलं. भाच्याचं काम, तेही थोरल्या भाच्याचं. थोरला मामा गेला तेव्हा हा धाकटा मामा माझ्यामागे उभा होता. मुळाला हात लावू नको म्हणाला, मूळ राहिलं तर ती पुन्हा फुटते. काटा रुतला तर शिवी देऊ नको. पानांसकट पेटव, जाळ होऊ देऊ नको, नुसता धूर, आणि एकही कोपरा सोडू नको. मधल्या मामाच्या वेळी मी एकट्याने केलं. उशीखालून त्याच्या तंबाखूचा वास आला आणि मी तिथे धूर धरला. थोड्या वेळाने वास गेला. तो गेला हे मला तेव्हा कळलं, पुरताना नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो, कारण फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन. मामा गेला तेव्हा पुराने रस्ता बंद होता असं मी सांगितलं. रस्ता चालू होता. मुकादमाने सुट्टीही दिली होती. मी बसमध्ये बसलो, अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशी उतरलो आणि उलट्या बसने परत आलो. थोरल्याला घालवलं, मधल्याला घालवलं, या मामाला माझ्या हाताने घराबाहेर काढणं मला जमणार नाही, मावशी. पुढच्या महिन्यातही नाही. मी जिवंत असताना माझ्या तोंडचा शब्द मिळाल्याशिवाय धाकट्या भाच्याला फांदीला हात लावता येत नाही, म्हणून सगळे थांबलेत. तर पुढचं व्हरांड्यात सगळ्यांना बसवून मोठ्याने वाच, रोंडा मामीला पुढे बसव. मी लेरॉय, शुद्धीत आहे, कुणी भाग पाडलेलं नाही. फांदी आता डेन्झिलची. ही आणि पुढची प्रत्येक, तुझ्या वेळचीसुद्धा. दिलेलं परत मागता येत नाही, मला माहीत आहे. त्याला उद्याच तोडू दे.

तुझाच,
लेरॉय