बगळा नक्की कोणाचा

ती. मावशीस,

सादर नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? (काका कळवतात की तू हल्ली जिन्याने जातेस. म्हणजे एक तर गुडघा बरा आहे, नाहीतर लिफ्ट बंद आहे.) मी बरा आहे, गेला महिना नव्हतो.

मी आणि मेव्हण्याने मिळून इस्पितळातल्या नर्सेसच्या ड्युट्या लावणारा ‘बगळा’ नावाचा प्रोग्राम केला, हे तुला ठाऊक आहेच. (तू तेव्हा विचारलं होतंस, पोट कशावर भरणार? प्रश्न अजून तसाच आहे.) तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटल्यास विकावा. तर एका कंपनीने तो घेतला, मनाला येईल तसा बदलला आणि ‘बगळा प्रो’ म्हणून विकायला काढला. मग एका मोठ्या इस्पितळातून मेट्रनबाईंचा फोन आला. तुमच्या बगळ्याने एकाच नर्सला एकाच वेळी तीन वॉर्डांत उभं केलंय आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेलीला रात्रपाळी दिलीय, असं त्या आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या. (चढवला असता तर बरं झालं असतं.) मी माफी मागितली, सगळं तपासलं, तेव्हा कळलं की इस्पितळाने नुकताच विकत घेतलेला हा बगळा आमचा नव्हेच, ‘प्रो’ आहे. करणारे नामानिराळे आणि बोलणी आम्हाला.

मी कंपनीत गेलो. काचेची खोली, गुळगुळीत टेबल, मॅनेजर फार सभ्य.

‘‘पण सर, सगळं ओपनच आहे ना?’’

‘‘प्रोग्राम उघडा आहे, नाव नाही. विहिरीवर कोणीही पाणी भरावं, पण ते गढूळ करून आमच्या नावाने विकू नये.’’

त्याने हे लिहून घेतलं. पुढे त्यांच्या वकिलाची नोटीस आली: ‘बगळा’ या नावाच्या नोंदणीसाठी कंपनीने अर्ज केला आहे, तरी आम्हीच ते वापरणं थांबवावं. चोराच्या उलट्या बोंबा. मेव्हण्याने अन्नपाणी सोडलं. (बहीण म्हणते, फक्त तिच्यासमोर.) मला मात्र खरंच झोप येईना. इतकी वर्षं सांभाळलेलं नाव, आणि ते आम्हीच पुसायचं?

शेवटी मेट्रनबाईंनाच सांगितलं. कंपनीशी ठरलेल्या बैठकीला त्या गणवेशातच आल्या.

‘‘तुमची कंपनी निघायच्या आधीपासून मी यांच्या बगळ्यावर ड्युट्या लावतेय,’’ त्या मॅनेजरला म्हणाल्या. ‘‘माझ्यासारख्या कितीतरी मेट्रन कोर्टात हेच सांगतील. आणि तुमच्या प्रोने काय केलं, तेही.’’

मॅनेजरने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने चहाकडे. अर्ज मागे घेतला गेला. आता ते आपला माल दुसऱ्या नावाने विकतात आणि खाली ‘मूळ बगळ्यावर आधारित’ असं बारीक अक्षरात लिहितात. त्याला आमची ना नाही.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. आता आम्हीच नावाची नोंदणी करतोय. तुझ्यासारखी वकील घरात असताना बाहेर कशाला जायचं?

ता. क. २. अर्जाला चिन्ह जोडायचं म्हणून विचारलं, तेव्हा मेव्हणा म्हणाला की आमच्या बगळ्याचं चित्र त्याने न्हाणीघरातल्या नव्या नळाच्या खोक्यावरून उतरवलं होतं. ती नळांची कंपनी तुझी जुनी अशील आहे म्हणे. त्यांच्या कानावर तूच हळूच घाल. न विचारता कसं घेतलंस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, खोकं उघडंच होतं.