वरचा दांडा

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार घालायचं मनात होतं, पण कंबर धरली आहे (का धरली ते शेवटी कळेल) आणि एकदा आडवा झालो तर मला उभं करायला माणसं बोलवावी लागतील, म्हणून उभ्या उभ्याच हात जोडतो. आपली प्रकृती कशी आहे? गुडघे? पित्त? आणि आपल्या गाडीचं पोट? (गाडीच्या पोटाची चौकशी मी आठवणीने करतो. मागच्या खेपेला ते आमच्या रस्त्यावर घासलं तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं, ते आपल्या स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनलाही दिसलं नव्हतं.) इकडे सगळे ठीक. आई चौऱ्याऐंशीची झाली. तिला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं. ताई सध्या लेकीकडे गेली आहे असं आपणच फोनवर म्हणालात, तेव्हा तिची खुशाली आपल्याकडे विचारत नाही.

पत्राला निमित्त आहे ते आमच्या रस्त्याचं. मोठ्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतचा, तीनशे पावलांचा, खडी-मातीचा, मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे चाकोऱ्या. त्या उंचवट्यावर चौदा महिन्यांपूर्वी आपण गाडीतून उतरलात, वाकून गाडीखाली बघितलंत आणि जाहीर केलंत की हा रस्ता सपाट झाल्याशिवाय आपलं चाक इथे लागणार नाही. आपलं चाक म्हणजे ताईचं पाऊलसुद्धा, हे आम्हाला मागाहून कळलं. तिला बसने पाठवा म्हटलं, तर आमच्या घरातली माणसं पिशव्या सांभाळत बसमध्ये उभी राहत नाहीत असं आपलं उत्तर आलं. तेव्हापासून आई खिडकीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायची आणि रोज सकाळी मला एकच विचारायची, झाला का सपाट. मला त्या प्रश्नाचा फार राग यायचा. प्रश्नाचा म्हणजे, आईचा नव्हे. कोणाचा ते आपण हुशार आहात, ओळखालच.

मग आपल्याला आमची दया आली. आपल्या शेडमध्ये जागा अडवून बसलेला तो जुना छोटा ट्रॅक्टर आपण मला निवृत्तीची भेट म्हणून दिलात, चार लोकांसमोर दिलात, हार घालून दिलात (हार ट्रॅक्टरला, मला नव्हे). वर म्हणालात, याच्या मागे एक बॉक्स ब्लेड लाव, तासाभराचं काम आहे. भाऊजी, मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. डोंगर कसे झिजतात हे मला माहीत आहे, पण त्याला लाखो वर्षं लागतात आणि त्यात माझा हात नसतो. तरी मी चौकशी केली. बॉक्स ब्लेड म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचं नुसतं पातं नव्हे, तर तीन बाजूंनी बंद अशी लोखंडी पेटी, खाली धारेचं पातं, पुढे खाली-वर करता येणारे दात. दात उकरतात, पातं खरवडतं, पेटीत माती गोळा होते आणि जिथे खड्डा येईल तिथे ती सांडते. ऐकायला इतकं सोपं वाटलं की तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिला घोळ रुंदीचा झाला. सोमवारी आपण फोनवर सांगितलंत की पेटी मागच्या चाकांपेक्षा रुंद हवी, नाहीतर ट्रॅक्टर स्वतःच्याच चाकोऱ्या मागे ठेवत जाईल. बुधवारी सांगितलंत चार फुटी बस झाली. शुक्रवारी म्हणालात घ्यायची तर सहा फुटी, आपल्याकडे कोत्या मनाचं काही चालत नाही. मी मोजमाप घ्यायचं ठरवलं, पण घरातला टेप सापडेना, म्हणून शेजारच्या शिंप्याला त्याची पट्टी घेऊन बोलावलं. त्याने सवयीप्रमाणे आधी ट्रॅक्टरची छाती घेतली, मग कंबर, आणि वहीत लिहिताना दोन इंच ढिलाई धरली, पुढे अंगाने भरला तर उसवायला नको म्हणून. त्यातून निष्पन्न झालं ते अठ्ठावन्न इंच. म्हणजे पाच फुटी घ्यावी की काय, असं वाटून मी अवजारांच्या दुकानात गेलो.

तिथे सहा पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि दुकानदार त्यांच्यातून उपवर मुलींच्या बापासारखा फिरत होता. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं बावीस. त्यावर तो शांतपणे म्हणाला, जन्माच्या वेळचे की आजचे? (आजचा आकडा आपण सांगितला नव्हता.) मग त्याने समजावलं की हलकी पेटी घेतली तर ती माती उकरणार नाही, रस्त्यावर नुसती गुदगुल्या करत जाईल. आणि जड घेतली तर मागची लिफ्ट तिला उचलणार नाही, उलट ट्रॅक्टरच पुढून हवेत उठेल. म्हणजे रुंदी चाकांनी ठरवायची, वजन म्हातारपणाने ठरवायचं, आणि दोन्हींत न बसणारा सल्ला फोनवरून यायचा. मी आपल्याला तिथूनच फोन लावला. आपण दोन शब्द बोललात, "जडच घे," आणि जेवायला गेलात.

मधल्या काळात घरात वेगळंच शिजत होतं. मी शिंप्याशी बोलताना दहादा पेटी पेटी म्हणत होतो, आणि आईच्या कानावर तेवढं पडलं. तिने ठरवून टाकलं की मी वाजवायची पेटी आणतोय. ताई लहानपणी वाजवायची ती पेटी लग्नात तिच्याबरोबर आपल्याकडे आली, हे आपल्याला आठवत असेल (आपला फोन ठेवायला असतं ते लाकडी खोकं, तीच ती). आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, मुलगा पेटी आणतोय, म्हणजे ती येणार. गल्लीच्या टोकाचे गायनमास्तर तर सूर तपासून देतो म्हणून दारात येऊन उभे राहिले. मी आईची चूक दुरुस्त केली नाही. पेटी आली की मुलगी येणार, हे तिचं म्हणणं तसं बरोबरच होतं आणि ते बरोबर आहे याचं मला वाईट वाटलं. त्या दिवशी मला आपला इतका राग आला होता की आपला फोन मी दोनदा उचलला नाही. (मागच्या ओळीतला एक शब्द खोडलाय, तो मी खोडलेला नाही. हे पत्र लिहिताना खांद्यावरून कोणीतरी वाचतंय.)

शेवटी पाच फुटी, मध्यम वजनाची पेटी दुकानदाराने लावून बघायला पाठवली आणि बरोबर त्याचा मिस्त्री आला. मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस. त्याने ट्रॅक्टर मागे घेतला, खालचे दोन दांडे पेटीच्या दोन्ही कानांत अडकवले, खिळी मारल्या, मग हात पुढे करून उभा राहिला. मला वाटलं चहा हवाय. त्याला वरचा दांडा हवा होता. तेव्हा कळलं की ट्रॅक्टरमागे काहीही जोडायचं तर तीन दांडे लागतात, दोन खाली आणि एक वर मधोमध. खालचे नुसते उचलतात. पेटी पुढे कलायची की मागे, दात रुतवायचे की नुसतं पातं फिरवायचं, हे सगळं तो वरचा दांडा आखूड-लांब करून ठरतं. तो नसेल तर पेटी चार फुटी घ्या, सहा फुटी घ्या, सोन्याची घ्या, ती नुसती लोंबणार. आपल्या ट्रॅक्टरला तो दांडा नव्हता. दुकानातून आणलेले चारही बसले नाहीत, कारण या वयाच्या ट्रॅक्टरचं भोक बारीक आणि हल्लीच्या खिळी जाड, आणि भोक मोठं करायला मिस्त्री तयार होईना, जुनं ओतीव बीड तडकेल म्हणाला. ट्रॅक्टर कोणी दिला असं त्याने विचारलं. बहिणीच्या यजमानांनी भेट दिला, मी म्हटलं.

तो हात पुसत म्हणाला, "गुरुजी, सगळं देऊन चालवायचा दांडा ज्याने स्वतःकडे ठेवला, त्याने भेट दिली नाही, अडगळ हलवली."

मी आपली बाजू घेतली. (खूप नाही.) मग माझ्याच हट्टापायी वरच्या जागी साखळी बांधून बघितली. ट्रॅक्टर चार पावलं गेला, पेटी तोंडावर आपटली, दात रुतले, आणि ज्या उंचवट्यावर आपल्या गाडीचं पोट घासलं होतं तो जागेवर ठेवून त्याच्या अलीकडे गुडघाभर चर पडला. आतापर्यंत रस्त्यावरून गाडी येऊ शकत नव्हती, आता पोस्टमनही येईना.

असो. आपला वेळ फार घेतला. आपली तब्येत, गाडी आणि मतं जपावीत, ही विनंती.

आपला आज्ञाधारक (आजवर तरी),
मेहुणा

ता. क. वरचा दांडा आपल्या फाटकाशेजारच्या वेलाला टेकू म्हणून जमिनीत रोवलेला आहे आणि त्याला हिरवा रंग दिला आहे, असं समजलं. तो उपटावा.

ता. क. दुसरा. हे कोणी सांगितलं असं आपण विचाराल. ताईने. ती लेकीकडे नाही. भाची आपल्याला रोज फोनवर आई झोपली आहे असं सांगते. अकरा दिवस एखादी बाई झोपून कशी, हा प्रश्न आपल्याला पडला नाही, याचं इथे सर्वांना नवल वाटलं. ती बसने आली, कोपऱ्यावर उतरली आणि पिशवी घेऊन त्या चरातून चालत आली. आईने खिडकीतून पाहिलं आणि कोणाचा हात न धरता दारापर्यंत गेली. मी तिथे उभा राहून रडलो, हे आपल्याला सांगायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ताईने माळ्यावरची जुनी लोखंडी खाट काढली, साखळीने ट्रॅक्टरला बांधली, वर दगड ठेवले, आणि वजन कमी पडतंय म्हणून मला बसवलं. (कंबर त्यामुळे.) ट्रॅक्टर तिनेच चालवला. पहिल्याच किल्लीला सुरू झाला. आपल्याकडे वीस वर्षं तोच ट्रॅक्टर तीच चालवत होती आणि आपण व्हरांड्यातून हात दाखवत होतात, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत चर बुजला, उंचवटा गेला.

ता. क. तिसरा. हे ताईचं अक्षर, आपण ओळखत असाल तर.

अहो, पाच फुटी मी ठेवून घेतली आहे. शिंप्याचं अंगण आणि शाळेचं मैदान करायचं कबूल केलंय, तेव्हा दांडा दोन्ही खिळींसकट आणा. पेटीवरचा फोन खाली ठेवून पेटीही आणा, आई वाट बघते. दोन्ही सांभाळत बसमध्ये उभं राहावं लागेल, पण लोक जागा देतात, मला दिली होती. कोपऱ्यापासून चालत या. गाडी मात्र आणू नका. रस्ता आत्ताच सपाट केलाय, खराब होईल.