‘शिवू नका’ म्हणायला जीभ रेटली नाही

प्रिय मोठ्या बाई,

उद्या सकाळी यांना दवाखान्यात भरती करायचं आहे. हर्नियाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात छोटंच आहे, तीन दिवसांत घरी जाल. पण दवाखाना तोच आहे, मोठ्या बाई. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जिथून घरी आल्या नाहीत, तोच.

दुपारी पिशवी भरायला घेतली. ताट, पेला, यांचे पायजामे. चादर हातात आली आणि पुढे काही सुचेना. मॅट्रिकनंतर किराण्याच्या यादीपलीकडे मी फारसं काही लिहिलं नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. हेही घरखर्चाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिली आहे, नवा कागद कशाला? पण म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. दुसऱ्या कोणाशी हे बोलताच आलं नाही.

तुमचा धाकट्या जावेवर राग आहे का हो?

ती वैशाखातली पौर्णिमा आठवते? विहाराच्या अंगणातल्या फरशा तव्यासारख्या तापल्या होत्या. आम्ही सगळ्या उड्या मारत सावलीत पळालो आणि तुम्ही मात्र अनवाणी, शांतपणे खीर वाटत उभ्या! "पाह्य वं शालू, श्रद्धा असली की चटका लागत नाही," म्हणाल्या. आम्ही हसलो. श्रद्धा कसली! साखरेच्या दुखण्याने तुमच्या पायांतली जाणीवच गेली होती. अंगठ्याजवळ फोड आला, तो तुम्ही हळद लावून पंधरा दिवस लपवला. भर उन्हाळ्यात घरात मोजे घालून हिंडत होत्या! मोजे कशाला म्हणून मी एकदा तरी विचारायला हवं होतं.

पायाची दोन बोटं काढावी लागली. तुम्ही शुद्धीवर आल्या तेव्हा भाऊजी तुमच्या उशाशी डोळे पुसत बसले होते, तर तुम्ही त्यांनाच म्हणाल्या, "रडता काहून? एका पायाच्या जोडव्याची कटकट गेली नं!" सगळा वॉर्ड हसला.

आणि जखम भरून येत होती, मोठ्या बाई. हेच तर मनातून जात नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "अम्मा जी, अगले हफ्ते घर." तुम्ही लगेच मला खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं का विचारलं.

सकाळच्या पाळीला ती बारीकशी, चष्मेवाली सिस्टर असायची. सारखी ओरडते म्हणून तुम्ही तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. "दीदी, अम्मा मुझे क्या बोलती हैं?" तिने एकदा विचारलं. मी गडबडले. तुम्ही नाही! "चिड़िया बोली बेटा, चिड़िया," म्हणून मोकळ्या झाल्या.

तुम्हाला ती आवडायची. मला नाही आवडायची. आज कारण सांगते. तुमची पट्टी बदलून झाली की ती लगेच नळाशी जायची आणि कोपरापर्यंत हात धुवायची. चोळून चोळून. मला ते फार लागायचं. वाटायचं, फाइलवर आपलं आडनाव वाचलं हिने, म्हणून धुऊन राहिली. तुम्हाला बोलले नाही. तुमच्या मनात ती बांगडीवाल्याची गोष्ट पुन्हा जागी व्हायला नको, म्हणून.

ती गोष्ट तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती. मी माहेरच्या सवयीने महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसले, तर तुम्ही हाताला धरून ओढतच मला ओट्यापाशी आणलं. "ऊठ वं. कणीक मळ. माझ्या घरात कोणी कोपऱ्यात बसत नाही." मग सांगितलं, की लहानपणी गावात बांगडीवाला आला, सगळ्या पोरींचे हात हातात घेऊन त्याने बांगड्या भरल्या, आणि तुमच्या मात्र जमिनीवर ठेवल्या. "तुझ्या तू भर." तुम्ही त्या घातल्याच नाहीत. "म्हणून सांगतो शालू, ह्या घरात कोणी कोणाले शिवू नको म्हणायचं नाही. पोरीले नाही, पाहुण्याले नाही, भंगारवाल्यालेही नाही." तीस वर्षं आपण तो शब्द घरात येऊ दिला नाही.

आणि सहाव्या दिवशी त्या टिटवीने मला बाजूला घेतलं.

"दीदी, अम्मा के पैर किसी को मत छूने दीजिए. सब आते हैं, सीधे पैर पकड़ लेते हैं. बस का, ऑटो का, बाथरूम के दरवाज़े का, सब हाथ में लगा आता है. पहले हाथ धुलवाइए. और पैर तो छूना ही नहीं."

मी "अच्छा" म्हटलं. मनात म्हटलं, आता ही आपल्याला शिकवणार, कोणी कोणाला शिवायचं ते!

तुम्ही सगळ्या गोतावळ्यात मोठ्या. आलेला माणूस वाकणारच. आपल्या गढा मोहल्ल्यातल्या शेजारणी आल्या, विहारातल्या बाया आल्या, भाऊजींचे फॅक्टरीतले जुने सोबती आले. पट्टीच्या पायाला, बिनपट्टीच्या पायाला, जिथे मिळेल तिथे हात लावून कपाळाला लावत होते. आणि सगळ्यात आधी रोज सकाळी कोण? मी. शेअर ऑटोचा दांडा धरून आलेली, जिन्याचा कठडा धरून चढलेली. दोन्ही हातांनी.

एकदा दारात उभी राहिले होते सांगायला. विहारातल्या बाया येताना दिसल्या. "पायांना शिवू नका" हे शब्द ओठापर्यंत आले. पण ज्यांच्या आज्यांना सगळ्या गावाने तेच ऐकवलं, त्यांना मी कसं ऐकवू? जीभ रेटली नाही. "या नं, या," म्हटलं आणि बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी तुमची भाची पिंकी आली. बरगीहून, गच्च बसमध्ये उभ्याने. डब्यात तुमच्यासाठी तळलेली मासळी. शेजारच्या खाटेवरची आजी नाकाला पदर लावून म्हणाली, "काय अम्मा, ये खुशबू कहाँ से आ रई?" तुम्ही ऐटीत म्हणाल्या, "मायके से!"

मग पिंकी वाकली आणि तुम्ही पाय चादरीखाली ओढून घेतला.

पोरगी वाकलेलीच राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं. मला ते पाहवेना. मी म्हटलं, "असं काहून करता, मोठ्या बाई? किती दुरून आली ती!" आणि माझ्या हाताने चादर बाजूला केली.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाल्या.

तुम्हाला सिस्टरने सांगितलं होतं का? की नुसतं दुखत होतं? एक शब्द बोलायचा होता! मला रागवायचं होतं, वॉर्डासमोर रागवायचं होतं! की तुमच्याच नियमाने तुमचंही तोंड बांधलं होतं?

दोन दिवसांनी तुम्हाला थंडी वाजून ताप भरला. पट्टी सोडली तर जखमेला वास. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यांत फिरणारा जंतू आहे, औषधाला दाद देत नाही, विष रक्तात उतरलं आहे. तुम्हाला काचेच्या खोलीत नेलं. मी त्यांना विचारलं, "हाथ लगाने से हुआ क्या?" ते म्हणाले, "किसके हाथ से हुआ, ये कोई नहीं बता सकता. आपके, हमारे, बिस्तर से, कहीं से भी." मला धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण त्यात माझे हातही आलेच नं?

काचेबाहेरच नळ होता. टिटवी हात धूत होती. जवळून पाहिले तर तिचे हात लाल, भेगाळलेले, बोटांची सालं निघालेली. रागारागात विचारलं, "इतना क्यों धोती हो, सिस्टर? हमको छुआ इसलिए?"

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिने नळ बंद केला. हळूच म्हणाली, "दीदी, छूने के पहले भी धोते हैं. आपने बाद वाला ही देखा."

मग मी पाहत बसले. ती एका खाटेपाशी गेली, आधी हात धुतले, नंतर धुतले. पुढची खाट, पुन्हा तेच. बामणाचं पोर असो की मुसलमानाचा म्हातारा, पाणी सगळ्यांसाठी सारखंच वाहत होतं. इतके दिवस ते माझ्या समोरच चाललं होतं, मोठ्या बाई! मला निम्मंच दिसलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्या. शेवटच्या दर्शनाला अंगणात सगळे तुमच्या पायांशी वाकले. मी लांबून हात जोडले. लोक म्हणाले, धाकटी भारी कठोर आहे.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजी आले. आपण बाया ओळीने बसलो, तीनदा जमिनीला डोकं टेकवलं. भंतेजींना आपल्यापैकी कोणी हात लावत नाही, कधीच लावला नाही. तेव्हा माझं डोकं जमिनीवरच राहिलं, वर उचलवेना. जन्मभर आपण हे वंदन करत आलो. त्यात कोणाला हलकं वाटलं? कोणाचा मान गेला? विहारातल्या बायांना मी एवढंच म्हणू शकले असते, "बाई झोपल्या आहेत, इथूनच वंदन करा." त्यांना शिकवायलाही लागलं नसतं!

भाऊजी म्हणतात, सगळं अनित्य आहे, धाकटे, रडू नको. आहे हो, अनित्य आहे. पण हात तर धुता आले असते!

त्यांना काहीच ठाऊक नाही. यांनाही नाही. सिस्टरने सांगितलं ते एकट्या मला आणि मी ते गिळून टाकलं.

आता उद्यापासून सगळे यांना पाहायला येतील. भाऊजी सगळ्यात आधी येतील आणि धाकट्या भावाच्या पोटावरून हात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही. पिंकीचा फोन येऊन गेला, "काकी, मी येऊन राहिली." मी दारात उभी राहणार आहे. "शिवू नका" नाही म्हणणार. तो शब्द तुमच्या घरात येणार नाही. "आधी हात धुवा, साबण मी देते," म्हणेन. "वंदन इथूनच करा," म्हणेन. कोणी रुसलं तर रुसो. पिंकीला मात्र त्या चादरीचं कधी कळू देणार नाही. तिने तर फक्त तुमचा आशीर्वाद मागितला होता.

पण भाऊजी विचारतील, "धाकटे, मला हात धुवायला लावते? काहून?" तेव्हा खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं आहे. उद्याची वाटही पाहणार नाही. आता संध्याकाळी ते चहाला येतील. चहा ठेवायच्या आधीच सांगते, चहा झाला की माझा धीर जातो. सिस्टरने मला सांगितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. चादर मी बाजूला केली. एवढंच सांगायचं आहे आणि मध्ये रडायचं नाही. ते जे म्हणतील ते ऐकून घेईन, उठून आत जाणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

फाटक वाजलं. भाऊजीच असतील.

तुमची धाकटी,
शालू