हलगी वाजण्याआधी

दिंद्रुड,
चैत्र शुद्ध नवमी, शके १८५८

चिरंजीव गहिनीनाथ यास अक्काचे आशीर्वाद.

घरी सगळे ठीक. वस्ताद धोंडीराम यांना माझा नमस्कार सांग. आईने शेंगदाण्याचे लाडू केले आहेत. आपला गाडीवान शहादेव ते आणि हे पत्र केजला तालमीत आणून देईल. वाटेत त्याने संपवले नाहीत तर. कपिला व्याली, कालवड झाली. चिंचा झोडून झाल्या.

तुझी पुनवेची कुस्ती सगळ्या गावाच्या तोंडी आहे. आबांनी चार हलगीवाले ठरवले आहेत. अर्धे गाव गाड्या जुंपून केजच्या जत्रेला निघणार. आबा पारावर बसून सांगतात, "मागल्या साली पोराचं रगतच तापलं न्हवतं. औंदा असं तापवू, की समोरचा बघूनच पडंल."

मला त्याचीच भीती वाटते.

मागच्या जत्रेत बायकांनी फडाजवळ जायचे नाही, म्हणून मी गाडीच्या साटीवर उभी राहून पाहत होते. समोर परळीचा पंचाक्षरी होता. यंदाही तोच आहे. त्या जत्रेआधीच्या पावसाळ्यात तो तुमच्याच तालमीत होता, तेव्हा तू त्याला कितीदा तरी पाडलेस. पाहायला वस्तादांशिवाय कोणी नसे. त्या दिवशी मात्र हलगी घुमली, आपली माणसे "गहिन्या, खा त्याला! गावाचं नाव घालवू नको बे!" म्हणून ओरडू लागली, आणि सलामी पुरी होण्याआधीच तू त्याच्या अंगावर गेलास. थोड्या वेळात तुझा दम तुटला. पंचाक्षरीने फार काही केले नाही. तो नुसता थांबला होता.

परतताना तू म्हणालास, "अक्का, मला त्यो दिसतच न्हवता. नुसती हलगी दिसत व्हती." गाडीतले सगळे हसले. मला हसू आले नाही. बी.ए.च्या पहिल्या पेपरला माझ्यासमोरचे प्रश्न असेच दिसेनासे झाले होते. घराण्यातली पहिली पदवी घेऊनच ये, असे आबांनी कळवले होते, आणि मला कागदावर फक्त आबांचा चेहरा दिसत होता.

काल आई भाकरी करत होती. तव्यावर पाण्याचा शिपका मारला आणि म्हणाली, "गार तव्याला चिकटती, आन् लई तापला तर वरून करपती, आत कच्ची." ती भाकरीबद्दलच बोलत होती. मी तुझाच विचार करत होते.

शहादेव परवा केजहून आला. म्हणाला, "अक्का, गहिनी जेवत न्हाई. तुझं कुणीतरी त्याच्या कानावर घातलंय."

"कशापायी घातलं? कुणी?"

तो खाली बघून बैलाची वेसण चाचपू लागला. सांगणारा तोच.

म्हणजे तुला कळले आहे. मी लिहिणार नव्हते. हैदराबादेच्या मुलींच्या शाळेने मला शिक्षिका म्हणून बोलावले आहे. आबा म्हणाले, "गहिनीनं कुस्ती मारली तर तुला धाडीन. हरला तर पोरगी नोकरीला धाडून गावाला आणीक हसाया देणार न्हाई." ते रागाने बोलले नाहीत. तुला जोर यावा म्हणून बोलले. बहिणीचे ओझे पाठीवर टाकले की भाऊ जास्त जोर लावतो, असे त्यांना मनापासून वाटते. तू लावशीलही. मग समोर पंचाक्षरीऐवजी तुला मी दिसेन.

उद्या सकाळी मी निघते. शहादेव मला परळीला आगगाडीत बसवून तसाच तुझ्याकडे येईल. आबांना सांगितले. ते म्हणाले, "पुनवेपतुर थांबाया काय होतंय? भाऊ जिंकला की वाजतगाजत धाडतो."

"आन् हरला तर, आबा?"

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "जा. पर माझ्या पाया पडू नको."

आईने त्यांच्यासमोरच माझ्या ट्रंकेला दोरी बांधली.

मी बरोबर करते की नाही, मला कळत नाही. आबा चिडून जत्रेत तुला जास्तच बोलतील, ही धास्तीही आहे. बोलले तर ऐकून घे. तो राग माझ्यावरचा आहे, तुझ्यावरचा नाही.

मला डाव कळत नाहीत. एवढेच सांगते. तू मातीत उतरशील तेव्हा मी मुलींपुढे उभी असेन. तुझ्या हरण्याने माझे काही जाणार नाही आणि जिंकण्याने काही मिळणार नाही. जे जायचे होते ते मी आजच देऊन बसले. हलगीवाले चार असोत नाहीतर दहा, वाजवू देत. तू आधी मूठभर माती घे, तळहातावर चोळ आणि पंचाक्षरीकडे बघ. तो दिसला, की मग सलामी दे.

मला लगेच कळव. तो दिसला का, ते पहिल्यांदा लिही. कोण जिंकले ते शेवटच्या ओळीत लिहिलेस तरी चालेल.

आबांच्या पाया न पडता निघालेली,
तुझी अक्का
तुळजा